भोपळ्याच्या फुलाचा वास

काल्हेरला आमच्या इमारतीमागे, दोन गोदामांमधल्या पट्टीत तिथेच राहणाऱ्या एका गृहस्थांचा भोपळ्याचा वेल आहे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज सकाळी ते नराचं फूल तोडतात, पाकळ्या काढतात आणि मादीच्या फुलाला हलकेच टेकवून म्हणतात, "सावधान." मी गॅलरीतून अक्षता टाकल्यासारखा हात करते.

"हसा काकी. माशा येत न्हाईत, मंग लगीन कोन लावील?"

नवी सून असताना मी मोठी हुशार. भज्यांसाठी फुलं खुडली ती नेमकी खाली इवलासा भोपळा असलेली. त्या वर्षी सासूबाईंच्या वेलाला नुसती पानं. हे ऐकून ते पोट धरून हसले होते.

त्यांचं बियाणं बायकोच्या माहेरचं. ती गेली, वेल राहिला. यंदा हाताने धरवलेली दोन्ही फळं पिवळी पडून गळली. एकही भोपळा पिकला नाही, तर पुढे बी नाही.

कॉलेजात वनस्पती शिकणाऱ्या माझ्या नातीने त्यांना सांगितलं, "काका, फूल माशीला वासानेच बोलावतं. ट्रकच्या धुरात तो वास वाटेतच मोडतो."

दुसऱ्या दिवशी ते एक उमललेलं फूल घेऊन रस्ता ओलांडताना दिसले. पलीकडच्या उंबरावर मधमाश्यांचं पोळं आहे. त्याखाली फूल उंच धरून ते उभे राहिले. ट्रक जातच होते. ऊन चढलं, फूल हातातच मिटलं; तरी त्यांनी हात खाली घेतला नाही.