काचेच्या मशीनचा वाटा

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या आत्याचा. तिनं दिघीला सुकट विकून मला बी.कॉम. केलं. घरातला पहिला पदवीधर मी. पुढं अलिबागला नोकरी लागली, तिथंच दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की होती. वास्तुशांतीला उंबरठा आधी आत्यानं ओलांडायचा, मग बाकीच्यांनी.

अडचण इतकीच, की आत्याला गाडी लागते. जन्म होडीत गेलेल्या या बाईला रस्त्यावर आलं की मळमळतं. म्हणून तिची अट होती: ती पुढं बसणार आणि तिच्या बाजूची काच पूर्ण उघडी राहणार.

आदल्या दिवशी सकाळी मी माझी जुनी गाडी घेऊन तिला आणायला गेलो आणि फेरीबोटीतून उतरताना नेमकी तीच काच वर जाऊन बसली. बटण दाबलं की दारात कुरकुर व्हायची, काच हलायची नाही.

"मागच्या काचा उघडतात, आत्ये. मागं बस ना."

"मागं टोपल्या ठेवतात," आत्या म्हणाली.

होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी दार उघडून काच वर-खाली करणारी मशीन काढली. तिचे दात झिजले होते. गाडीचं मॉडेल केव्हाच बंद पडलेलं, त्यामुळे मशीन मिळाली तर खाडीपलीकडच्या भंगारात. मी जुनी मशीन नमुन्याला पिशवीत घातली. आत्याही निघाली. "खरेदीतलं तुला काय कळतंय?" फेरीबोट आणि पुढं रिक्षा, दोन्ही उघड्या, त्यामुळे तिला काही झालं नाही.

भंगारवाल्यानं नमुना पाहिला आणि आतून एक मशीन आणून ठेवली. "दुसऱ्या मॉडेलची आहे. पण भोकं जुळतात, बसेल."

पापलेटाचा कल्ला उघडून बघावा तसे आत्यानं मशीनचे दोन्ही हात फाकवले. मग वास घेतला.

"शिळी हाय."

"मावशी, लोखंड आहे. शिळं कसं होईल?"

"मंग गंज कशाला म्हनतात?"

त्यानं ती मशीन बाजूला ठेवली.

"वाटा लाव," आत्या म्हणाली. आमच्यात बारीक मासळी एकेक विकत नाहीत. ढीग लावतात, तो वाटा.

"हा मासळीबाजार नाही, मावशी."

"बसलायस तर तसाच."

"आत्ये, मला एकच पाहिजे," मी म्हणालो. "डाव्या दाराची."

"डावं-उजवं घरी बघू."

शेवटी भंगारवाल्यानं वैतागून पाच मशिनी जमिनीवर ओतल्या. बाजारात वाट्यावर एखादा मासा वरून टाकून घ्यायचा असतो, तशी आत्यानं ती शिळीही वर टाकून घेतली.

दिघीला परत आल्यावर मिस्त्रींनी एकेक लावून पाहिली. तीन उजव्या दाराच्या निघाल्या, दोन मागच्या. बसली ती वरून टाकलेली. काच सरसर खाली गेली.

दुसऱ्या दिवशी आत्या उघड्या काचेतून कोपर बाहेर काढून निघाली. मळमळ दूरच, वाटेत दिसेल त्या कोळणीला गाडी थांबवून ती भाव विचारत होती. आम्ही पोचलो तेव्हा मुहूर्त टळत आला होता. आधी कुणी आत जायचं नाही असं मीच बजावल्यामुळे बायको, सासरे, भटजी आणि केळीचे दोन खुंट असे सगळे जिन्यात ताटकळले होते. आत्या त्यांच्यामधून वाट काढत आत गेली आणि तिनं आधी खिडक्या उघडल्या.

आत्याला फोनवरचं बोलणं खरं वाटत नाही. कागदावर आलं की ती शेजारणीकडून दोनदा वाचून घेते. म्हणून ती परत गेल्यावर मी तिला लिहिलं:

"ती. आत्येस सा. न.

घरी सगळे बरे आहेत. जिन्यात बसवल्याबद्दल सासरे अजून बोलतात, पण मला त्याचं काही वाटत नाही. तू नसतीस तर हे दारच नसतं.

मशीन शिळी आहे असं तू म्हणाली होतीस ते खरं निघालं. काच खाली गेली ती वर येत नाही. इथले मेकॅनिक म्हणतात, गाडी दोन दिवस ठेवा, करून देतो. मी त्यांना थांबायला सांगितलं आहे. पावसाळ्याला अजून वेळ आहे. तोवर आणखी एकदा येऊन जा.

तुझा भाचा"