पाकीट सापडलं त्या दिवशी

"नवरा जाऊन चार वर्षं झाली तुझा. मग या गोळ्या कोणासाठी खातेस?"

वहिनी माझं गोळ्यांचं पाकीट दोन बोटांत धरून उभी. बाहेर पाहुणे बसलेले. माझे हात कणकेत.

कळंबच्या त्या घरी मी पोळ्या करायची. वहिनी म्हणजे घरची मालकीण, शाळेत मास्तरीण. ओट्यावरच्या कॅलेंडरवर ती माझ्या पाळीच्या चार दिवसांना लाल पेनाने गोल करायची. त्या दिवसांत मी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही, मागच्या मोरीवर भांडी घासायची. तारीख मीच सांगायची, मुकाट्यानं. त्याची आज चीड येते.

पुढे चाराचे पंधरा दिवस झाले. रक्त थांबेना. यवतमाळला सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी निघाल्या. डॉक्टरीणबाईंनी बीपी पाहिलं, बिडी ओढतेस का विचारलं. म्हणाल्या, "या पाळणा लांबवायच्याच गोळ्या आहेत. गाठ जाणार नाही, रक्त आवरेल. रोज घ्यायची. मनानं बंद करायची नाही."

रक्त आवरलं. गोल पुन्हा चारावर आले. पंधराचे एकदम चार कसे झाले, म्हणून वहिनीला संशय आला आणि तिनं माझी पिशवी उघडली.

मी म्हटलं, "पोटात गाठी हायेत, वहिनी. डॉक्टरनं देल्ल्या."

ती हसली. "आम्हाला नको शिकवूस." पाकीट कचऱ्याच्या डब्यात गेलं. पाहुण्यांतलंही कोणीतरी हसलं. मी पोळी लाटत राहिले.

मी आमच्या बंजारा तांड्यावर, घरी पोचायच्या आधी गोष्ट पोचली होती. आई दारातच उभी. आईला आम्ही याडी म्हणतो. याडी म्हणाली, "सोड त्या गोळ्या. लोक तोंडावर थुकतीन."

सोडल्या. नवं पाकीट आणलंच नाही. लाज जिवापेक्षा मोठी वाटली. चूक माझीच.

चौथ्या दिवशी मोरीवर भांडी घासताना पातळ भिजलं. ओटीपोटात कळ, पायांतून गरम धार. मोरीतलं पाणी लाल झालं आणि वाहता वाहीना. कानात शिट्टी वाजायला लागली. भिंत धरली. वहिनी दारात आली. मला वाटलं, पाणी देईल.

"आधी मोरी धू," ती म्हणाली. "घरात देव आहेत."

माझ्यात उभं राहायचं बळ नव्हतं, तरी उभी झाले. हातातली घासणी तिच्या पायाशी टाकली.

"नाही धुत. मी मरून राह्यली अन् तुले मोरीची पडली? तूच धू."

सात वर्षांत पहिल्यांदा तिला तू म्हटलं. फाटकाबाहेर येऊन पडले. रिक्षावाल्यानं दवाखान्यात नेलं. दोन बाटल्या रक्त चढलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासून पुन्हा गोळ्या सुरू केल्या. गाठी आहेत तिथंच आहेत. रात्री कूस बदलली की जाणवतात. उद्या वाढतील, ऑपरेशन लागेल. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. पण रोज सकाळी तांड्याच्या हापशीवर बाया पाण्याला जमतात, तेव्हा पाकीट पदराआडून नाही, उघड काढते. ओंजळीत पाणी घेते. गोळी गिळते. पहिल्या दिवशी याडीनं मान खाली घातली होती.

थुंकायचं त्यानं थुंकावं. गोळी चुकणार नाही.