मंतरलेला खिळा

मी थापा मारतो, हे दापोऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तापीत मी धरलेला मासा दर सांगण्याला हातभर वाढायचा. शेवटी त्याच्या काट्यांच्या पुलावरून मी बैलगाडी नेली. लोक हसत, चहा पाजत, घरी जात. थाप कोणी घरी नेऊन पाळत नाही, अशी माझी समजूत होती.

माझा भाचा बी.एस्सी., वर्गात पहिला. काम मिळालं ते केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत वाहायचं. केळीचा चीक कपड्यावर पडला की काळा डाग धरतो. कपडा फाटतो, डाग जात नाही. शर्ट बघून लांबूनच कळतं, हा घड वाहणारा. केळी घेणाऱ्या व्यापाऱ्याचा मुलगा शाळेत याच्याच बाकावर, याच्याच वहीतून उतरवून पास झालेला. आता तो खुर्चीत बसून काचेच्या ग्लासातून चहा घेई, आणि भाचा उंबऱ्याबाहेर उभ्यानं कागदी कपातून.

एका दुपारी ट्रक यायला उशीर झाला. पोरं जांभया देत होती. नदीपलीकडचा एक म्हातारा आमच्या बागेतून कापलेले केळीचे खांब नेई, दोर वळायला. खांबात खिळा ठोकायचा, त्याला रस्सी बांधायची आणि ओढत न्यायचं, ही त्याची रीत. मी म्हटलं, "बाग पिवळी का पडते, सांगू? हा पलीकडचा बाबा उभ्या केळीत मंतरलेला खिळा ठोकतो." मग थांबलो, खाकरलो, आवाज पाताळात नेला. "खिळा रडतो. मी ऐकलाय."

पोरं लोळून हसली. भाचा सर्वांत जास्त.

हिवाळा सरता सरता भाच्याचं हसू गेलं. अंगात नवा काळा शर्ट आला. तसाच वीसेक पोरांच्या अंगात. व्यापाऱ्याच्या मुलानं वाटलेले.

"याच्यावर डाग दिसत नाय, मामा," तो म्हणाला. "आणि मीटिंगला तिथं मला खुर्ची मिळते. त्याच्या बाजूला."

मी एकदा गेलो. वीस खुर्च्या, वीस काळे शर्ट, पापणी कोणाची लवत नव्हती. पलीकडच्या लोकांनी आपल्या बागा मारल्या, आपली पोरं म्हणून हमाल झाली, असं भाचा सांगत होता. खिळ्यापाशी आला, थांबला आणि खाकरला. माझंच खाकरणं. वीस जण एकदम खाकरले.

"अरे, ती माझी थाप होती!" मी ओरडलो.

"मामा, खिळे सापडलेत. बारा. मी स्वतः काढलेत."

"खांब ओढायचे आहेत ते, बाबा!"

त्यानं माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तुम्हाला धमकावलं ना त्यांनी? घाबरू नका. उद्या दुपारी म्हाताऱ्याकडे जातोय आम्ही."

आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि एकानंही मानलं नाही.

सकाळीच म्हाताऱ्याला स्कूटरवर घालून धूलकोटला लेकीकडे सोडलं. वाटभर तो एकच विचारत होता, "भाऊ, मेरा कसूर क्या?" परत येऊन त्याच्या झोपडीच्या दारात उभा राहिलो. दुपार टळटळीत, पण केळीच्या बागेत भर उन्हातही हिरवा अंधार असतो. वारा नव्हता, तरी पानं सळसळली. त्यातून काळे शर्ट बाहेर आले, पावलाला पाऊल मिळवत. व्यापाऱ्याचा मुलगा त्यांत नव्हता.

"म्हातारा नाही इथं," मी म्हटलं. "मला मारा. खिळा माझा आहे."

भाच्यानं माझा हात धरला, अगदी हळू, देवळात नेतात तसा. "ऊन लागेल, मामा." त्यानं मला सावलीत बसवलं, बाटली दिली. दोघं माझ्या खांद्यांवर हात ठेवून उभे राहिले. मग झोपडी पेटली. वळलेले दोर जळताना कण्हल्यासारखा आवाज येत होता. खरंच येत होता. पण हे आता कोणाला सांगू?

सोमवारी भाचा पुन्हा घड वाहत होता, चहा उंबऱ्याबाहेर, उभ्यानं. ट्रकला उशीर होता. तो नव्या पोरांना सांगत होता, "आम्ही पोचलो, तर म्हाताऱ्याचा कावळा झाला आणि उडाला." थांबला. खाकरला. आवाज खाली नेला. "मामा होते तिथं. विचारा त्यांना."

पोरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हसलं कोणीच नाही.