बांधावरचं चणबोर

फलटणच्या बाजूला लोक बांधावरची काटेरी बोराटी उपटून टाकतात. मी शहाण्यानं मुद्दाम चणबोर लावलं होतं. मोठा दुष्काळ सरला त्या वर्षी आमचे आबा, जन्म फौजेत घालवलेले, अंथरुणाला खिळले. खिडकीतून त्यांना दिसायचा तो नुसता उघडा, मातकट बांध. हिवाळ्यात तिथं लाल बोरं दिसावीत, ती खायला बुलबुल यावेत, एवढंच मला हवं होतं. तीन वर्षं घागरीनं पाणी घालून माझा खांदा कामातून गेला. चौथ्या वर्षी, संक्रांतीच्या आधी, झुडूप लालभडक झालं आणि आबा उशी लावून बसायला लागले.

त्याच आठवड्यात खतासाठी रानात मेंढरं बसवायला आटपाडीकडचे धनगर आले. मेंढरांभोवती कुंपण हवं म्हणाले. दिवसभराचा दमलेला मी वर न बघताच म्हणालो, "बांधावरचं काटं घ्या तोडून."

सकाळी बांध मोकळा! माझं चणबोर बोरांसकट मेंढरांभोवती आडवं. "तीन वर्षं पाणी घातलंय त्याला," मी म्हणालो.

"आवं मालक, बोराटीला पानी कोन घालतं व्हय? तोडली की लय फुटती," म्हातारा धनगर हसला.

भांडायचंही त्राण नव्हतं. आबांना काय सांगायचं, या विचारानं पाय ओढत आत गेलो. ते खिडकीला टेकून बघत होते. कुंपणावर दोन बुलबुल बोरं टिपत होते.

"मेंढरं कवा हालनार?"

"परवा."

"मग तवर गप बस."

बसलो. मेंढरं गेल्यावर मात्र, सवयीनं, खुंटाला घागरभर पाणी घालून आलो.