पायांकडे बघणारा हलगीवाला

सयाजी हलगी वाजवताना कधी वर बघत नसे. जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचते तेव्हा सगळ्यांच्या माना वर असतात. शेंडा कुठे झुकला, निशाण कसं फडकलं, हेच लोक बघतात. सयाजीची नजर मात्र खाली, काठी घेणाऱ्याच्या पायांवर.

ही काठी म्हणजे दुमजली घरावरून डोकावेल एवढा कळकाचा बांबू. त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं. शेंड्यापासून दोर सोडलेले, ते चहूबाजूंनी माणसं ताणून धरतात. बुडाजवळ आडवं लाकूड. त्याखाली खांदा देऊन एकच माणूस उभा राहतो आणि ठेक्यावर नाचतो. त्याला वर बघता येत नाही. मान वर केली की कंबर ढिली पडते आणि वजन सुटतं. काठी कुठे चालली हे त्याला तळव्यांतून कळतं. टाच उचलायला लागली तर वजन पुढे गेलं. बोटं मातीत रुतली तरी पुढेच, पण ते अजून सावरता येण्यासारखं.

हलगीवाल्याने हे बघायचं असतं. काठीवाल्याला ठेका द्यायचा नसतो, त्याच्या पायांतून घ्यायचा असतो. पाय जड झाला तर हात मंद करायचा, पाय मोकळा झाला तर हात सोडायचा. सयाजीला हे वडिलांनी शिकवलं. उरलेलं गुळाच्या बाजाराने शिकवलं. तिथे त्याने उभा जन्म हमाली केली. पाठीवर ओझं असलेल्या माणसाचे पाय काय बोलतात, हे त्याला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

त्यांच्या गल्लीच्या काठीचा आणखी एक रिवाज होता. हलगी चालू आहे तोवर काठी टेकवायची नाही. हलगी थांबली की त्याच जागी टेकवायची. का थांबली, हे नंतर विचारायचं.

बरीच वर्षं काठी गणपती घेत होता. गेल्या यात्रेनंतर त्याच्या गुडघ्याने दगा दिला, तेव्हा काठी धैर्यशीलकडे आली. धैर्यशील फाउंड्रीत कामाला. खांदा रुंद, पावलं आखूड. नातं काही नव्हतं, पण गल्लीतली पोरं सयाजीला मामा म्हणायची, तसा तोही म्हणायचा.

अडचण अशी होती की सयाजीला आता पाय दिसत नव्हते.

आधी दूरची पाटी गेली. मग माणसांचे चेहरे. मग ताटातल्या भातातले खडे. हे कळलं होतं एकट्या शालूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला.

"च्या बशीत वतायचा का मांडीवर?" ती म्हणायची.

"बशीला काठ बारीक हाय."

"बशी लग्नातली हाय. इतकी वर्सं काठ जाड हुता, आत्ताच बारीक झाला व्हय?"

सयाजी बशी तोंडाला लावायचा. गणपतीबरोबर त्याचं निभून गेलं होतं. गणपतीची चाल त्याला पाठ होती आणि मातीवर पाऊल पडलं की धप्पकन आवाज यायचा. अर्धं पाठांतर, अर्धं कान. कुणाच्या लक्षात आलं नाही. दवाखान्यात गेलं की बातमी गल्लीत येणार, आणि यात्रेत काठीपुढची जागा जाणार. ती जागा वडिलांची होती. म्हणून तो गेला नाही.

यात्रेला काही आठवडे असताना मंडळाला आवतण आलं. रंकाळ्याजवळच्या मैदानात रविवारी संध्याकाळी कार्यक्रम ठेवले होते. शाहीर, लेझीम, मर्दानी खेळ, आणि कडेला खर्डा-भाकरीचे, तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे स्टॉल. सुट्टीला आलेले पाहुणे आणि गावातली माणसं, दोघांनाही बघायला काहीतरी व्हावं, असा हेतू. कार्यक्रमाची जबाबदारी संयोगिताकडे होती. बँकेत नोकरी करणारी, कामाला वाघीण. तिने शेवटी काठी ठेवली होती.

"मामा, शेवट तुमचा," ती म्हणाली. "तुमच्यानंतर कुणाला उभं करायची माझी हिंमत न्हाई."

"आमच्यानंतर रस्साच हाय की," घुमकं वाजवणारा आकाराम म्हणाला. "त्येच्यापुढं आमीबी टिकत न्हाई."

आकाराम दुधाचा धंदा करायचा. सयाजीच्या डावीकडे घुमकं घेऊन उभं राहण्यात त्याचंही निम्मं आयुष्य गेलं होतं. हात चांगला, पण उतावळा. हलगीही वाजवायचा. मात्र समोर गर्दी दिसली की त्याचा ठेका पळायला लागायचा.

रविवारी उन्हं उतरल्यावर काठी मैदानात आणली. सयाजीने कडेला कागद पेटवून हलगी शेकली. कातडं ताणलं, टणत्कार आला. एका हातात टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी. तो पुढे होऊन जागेवर उभा राहिला आणि त्याच्या तळव्यांना वेगळं लागलं.

मैदानात हिरवी मॅट अंथरली होती. धूळ उडून खुर्च्यांवरच्या लोकांना त्रास होऊ नये म्हणून संयोगिताने ती मागवली होती. त्यात गैर काही नव्हतं. लेझीमवाली पोरं तिच्यावर झकास नाचली होती.

"मॅट काढायची का?" एवढं विचारायला पाहिजे होतं. ते सयाजीने विचारलं नाही. विचारलं असतं तर का, असं कुणीतरी म्हणालं असतं.

काठी उचलली. हलगी कडाडली, घुमकं मागून आलं. मोठे दिवे लागले आणि प्रत्येक दिव्याभोवती पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी पसरलं. सयाजीने खाली बघितलं. हिरवं दिसत होतं, त्यावर काहीतरी हलत होतं. टाच कुठली, बोटं कुठली, कळेना. कान लावले. मॅटवर पावलांचा आवाज नव्हता.

हात थांबू शकत नव्हते. मग ते जे येत होतं ते वाजवू लागले. आणि त्यांना येत होती गणपतीची चाल. लांब पाऊल, मध्ये श्वास, पुन्हा लांब पाऊल. सयाजीच्या डोळ्यांपुढे गणपतीचे पाय होते आणि काठीखाली धैर्यशील होता.

धैर्यशीलने मोठ्या माणसाच्या ठेक्यावर विश्वास ठेवला. आखूड पावलाचा माणूस लांब पाऊल टाकायला लागला. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत दोरवाल्यांची ओरड सुरू झाली.

"डावीकडं! दोर खेच, डावीकडं!"

शेंडा खुर्च्यांच्या बाजूला कलत होता. खुर्च्यांवरचे लोक फोन वर धरून ओरडून दाद देत होते. त्यांना तो नाचाचाच भाग वाटला. सयाजीने वर बघितलं नाही. बघून काही दिसणारही नव्हतं. दोरवाल्यांच्या आवाजावरून त्याला कळलं की वजन सुटलंय आणि ते त्याच्या हातांमुळे सुटलंय.

त्याने हलगी थांबवली.

धैर्यशीलने होता तिथे गुडघा वाकवून काठीचं बूड टेकवलं. दोर ताणले गेले. काठी एकदा हलली आणि उभी राहिली. संयोगिताने माईक घेतला, लोकांना उभं राहायला लावलं, चांगभलं झालं. तिच्या मते कार्यक्रम ठरल्यापेक्षा थोडा आधी संपला, एवढंच.

स्टेजच्या मागे आकाराम आला. "काय झालं रं? टिपरू निसटलं?"

सयाजी घाम पुसत होता. "व्हय," तो म्हणाला.

"मला वाटलंच. घामानं निसटतं. राख लावत जा हाताला."

गोष्ट तिथे मिटली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी धैर्यशील घरी आला. कामावर जायच्या कपड्यांत होता, पण डावा खांदा उचलत नव्हता. शालूबाईने पाट दिला. तो बसला नाही.

"मामा, काल माझंच चुकलं," तो म्हणाला. "तुमी बरोबर वाजवत हुता. माझा पाय बसंना. यंदा काठी दुसऱ्या कुणाला द्या. डोंगरावर पायऱ्यांत असं झालं, तर माणसं मरतील."

शालूबाई चुलीपाशी होती. तिने मागे बघितलं नाही, पण हातातलं काम थांबवलं.

 सयाजीला जागा वाचवायची असली तर एवढंच म्हणायचं होतं, की बरं, दुसऱ्याला देऊ. पोरगं तयार होऊनच आलं होतं.

"तुझा पाय बसला हुता का न्हाई, मला काय म्हाईत," सयाजी म्हणाला. "मला त्यो दिसलाच न्हाई."

"म्हंजे?"

"म्हंजे दिसत न्हाई. गणपतीचं वाजवत हुतो मी. तू माझ्यामागं फरफटलास."

"कवापासनं दिसत न्हाई?"

"गेल्या यात्रेतबी दिसत न्हवतं."

धैर्यशील मग पाटावर बसला. शिव्या दिल्या नाहीत. खांदा चोळत म्हणाला, "टिपरू निसटलं म्हणला हुता आकारामतात्या."

"त्यानं इचारलं, मी व्हय म्हणलो."

"च्या घे," शालूबाई धैर्यशीलला म्हणाली. "तुला बशीत वतून दिऊ का ह्येंस्नीच वतू दिऊ?"

त्याच आठवड्यात सयाजी दवाखान्यात गेला. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होते, उजवा पार पिकलेला. डॉक्टर म्हणाले, एक डोळा लगेच करू. त्यानंतर महिनाभर धूळ नाही, वाकून ओझं नाही, गर्दी नाही. सयाजीने गुलालाचं विचारलं. डॉक्टर हसले. गुलाल तर मुळीच नाही.

म्हणजे यात्रा गेली. यात्रेनंतर कर, असं आकाराम म्हणाला; त्यालाही एव्हाना सगळं कळलं होतं. यंदा नुसता ये, वाजवू नको, बघत उभा राहा.

"डोळं तसंच ठेवलं तर त्या दिवशी मी नुसता उभा ऱ्हाईन व्हय?" सयाजी म्हणाला. "हलगी तापली की मी पुढं हुतो. तुमी काय मला बांधून घालणार? त्यापेक्षा पट्टी बरी."

दवाखान्याची तारीख येईपर्यंतचे दिवस त्याने आकारामला दिले. हलगी आकारामच्या हातात, धैर्यशीलच्या खांद्यावर ओल्या वाळूचं पोतं, आणि सयाजी भिंतीला टेकून. गल्लीच्या टोकाला, मातीवर. आकारामची मान सारखी वर जायची.

"खाली बघ."

"खाली बघ, खाली बघ. लोकं इचारत्यात, तात्या पाकीट पडलं का."

"पाकीट पडलं तर गावतं. काठी पडली तर माणूस गावत न्हाई. खाली बघ."

दम लागला की आकाराम थांबायचा. सयाजी थांबू द्यायचा नाही. पोरानं पोतं खाली ठेवलंय का? मग तू कसा थांबतोस? असं रोज चाललं. आकाराम शेवटी चिडून पायांकडेच बघू लागला. एकदा धैर्यशीलची टाच उठली आणि आकारामचा हात आपोआप मंद झाला. सयाजीने ते कानांनी टिपलं. बोलला मात्र काही नाही. बोललं की आकाराम फुगतो, हे त्याला माहीत होतं.

डोळा झाला. चैत्र पौर्णिमेला गल्ली रिकामी झाली. काळा चष्मा लावून सयाजी दारात बसून राहिला. शालूबाईने फोनवर यात्रा लावून देऊ का विचारलं. तो नको म्हणाला. फोनवर शेंडाच दाखवत्यात, म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंडळी उतरली. गाडीचा आवाज आला, चांगभलं झालं, आणि गुलालाने माखलेला धैर्यशील थेट सयाजीच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला.

"आत येत न्हाई, मामा. अंगभर गुलाल हाय."

"तितंच थांब."

सयाजीने चष्मा काढला. उजव्या डोळ्याने धैर्यशीलच्या पायांकडे बघितलं. बोटांच्या भेगांत बसलेला गुलाल त्याला वेगवेगळा दिसत होता. डाव्या टाचेचं कातडं सोललेलं होतं, घाईत पायरीच्या कडेला घासल्यासारखं. उजवी टाच धड होती.

"पायऱ्या उतरताना आकाराम पळाला," सयाजी म्हणाला.

"वाईच पळाला. पण मग सावरलं. खाली बघितलं त्यानं."

"किती येळ पळाला?"

"एक वळण."

सयाजीने अजून थोडा वेळ बघितलं. मग चष्मा घातला.

"टाचेला खोबरेल लाव," तो म्हणाला. "आणि आकारामला लावून दे हिकडं. त्या वळणाचं मला इचारायचं हाय."