दादाचा डोळा आणि माझा नकार

दादाचा उजवा डोळा करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. इंजेक्शन मिळालं नाही म्हणून गेला, असं आमच्या गावात, पुणतांब्यात, सगळे सांगतात. त्या दिवसांत खरंच कुठे काही मिळत नव्हतं, त्यामुळे कुणी खोदून विचारलं नाही. पण इंजेक्शन होतं. ते मी देऊ दिलं नाही.

मी नगरच्या एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. बुरशीवरच्या औषधांचा एक प्रयोग दरवर्षी मुलांकडून करून घ्यायचो. सकाळी खाटकाकडून बकऱ्याचं ताजं रक्त आणायचं, गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालायचं, तांबड्या पेशी धुऊन सलाईनमध्ये कालवायच्या. परीक्षानळीत लालसर गढूळ पाणी दिसायचं. त्यात अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध वाढवत नेलं की थोड्या वेळानं गढूळपणा जायचा आणि नळीमागे धरलेली छापील अक्षरं लाल रंगातून स्वच्छ वाचता यायची. पेशी फुटलेल्या असायच्या. मी सांगायचो, बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल. दोन्ही इतकी सारखी, की औषध बुरशीला घट्ट धरतं, पण आपल्यालाही थोडं चिकटतं. आवरणाला भोकं पडतात, आतलं पोटॅशियम बाहेर गळतं. माणसात त्याचा सगळ्यात जास्त त्रास मूत्रपिंडांना.

करोनातून उठल्यावर दादाच्या नाकाशेजारी सूज आली, गाल बधिर झाला. साखर आधीपासून होती, त्यात स्टिरॉइडं झालेली. त्याला नगरला इस्पितळात आणलं. वहिनी घरी तापानं पडलेली, दोन्ही पुतणे बाहेरगावी अडकलेले. सहीला मीच होतो.

तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, बुरशीच आहे. आपल्याकडे साधं अँफोटेरिसिन आहे. चरबीच्या बारीक थेंबांत भरलेलं येतं, ते मूत्रपिंडांना जास्त सोसतं, पण ते संपलंय. कधी येईल सांगता येत नाही. हे आजच सुरू करू."

"त्याची मूत्रपिंडं आधीच थकलीत, क्रिएटिनीन वाढलंय."

"माहीत आहे. आधी सलाईन देऊ, रोज रक्त तपासू, पोटॅशियम उतरलं तर भरून काढू."

"मी हे औषध शिकवलंय, मॅडम."

"मग थांबणं किती वाईट, हेही शिकवलं असेल ना, सर?"

मी सही केली नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती लाल, स्वच्छ नळी होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा कागद पुढे केला. मी पुन्हा म्हणालो, दुसऱ्या औषधाची वाट बघू. ते चौथ्या दिवशी आलं. तोवर दादाची पापणी उघडेनाशी झाली होती, बुरशी डोळ्याच्या खोबणीत शिरली होती. जीव वाचला. डोळा काढावा लागला.

धाकटा पुतण्या आला तो डॉक्टरबाईंवर ओरडला, "औषध नव्हतं तर दाखल कशाला करून घेतलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

यंदा दिवाळीनंतर पुणतांब्याला गेलो आणि दादाला सगळं सांगितलं. वहिनी दारातच उभी होती.

"म्हंजे तू माझी किडनी वाचवत हुतास," दादा म्हणाला. "लई शिकलेला मास्तर. वाचली का?"

"वाचली."

"भावजी, झालं गेलं. आता कशाला उकरायचं?" वहिनी म्हणाली. दादानं तिला हातानंच थांबवलं.

"माझं डोकं ठिकानावर हुतं, मास्तर. दोन दिस तू खाटंवर बसून माझं पाय चेपत हुतास. मला का न्हाई इचारलं?"

खरं कारण त्याच्या तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही, ते इथे लिहितो. त्याला विचारावं हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आवरण, भोकं, पोटॅशियम यातलं दादाला काय कळणार, असं मी धरून चाललो होतो. डोळा मात्र त्याचा होता.

"पोरांना मी सांगनार न्हाई," तो उठताना म्हणाला. "ते तुझं काम हाय."

म्हणून हे पुतण्यांसाठी. साध्या इंजेक्शननं डोळा वाचलाच असता, असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. मीही सांगत नाही. पण डॉक्टरबाईंनी दोनदा कागद पुढे केला होता आणि दोन्ही वेळा नकार माझा होता. धाकट्या, तू ओरडलास ते चुकीच्या माणसावर.