स्टार्टरवरची दस्ती

"अन् ते त्याचं कम्प्युटरवालं? ते आता बंदच म्हना ना."

प्रकाशमामाच्या तेराव्याला, चिखलीच्या घराच्या ओट्यावर कोणीतरी हळूच म्हणालं. दुसऱ्यानं उत्तर दिलं, "भाची होती ना त्याले इंग्रजी लिहून द्याले. पन ती तं कोनाशी बोलतच नाही." मी आत पाण्याचे ग्लास भरत होते. भरत राहिले.

मामाचं बाजाराजवळ लहानसं वर्कशॉप होतं. विहिरीवरच्या मोटरींसाठी तो ऑटो स्टार्टरचे डबे बनवायचा. लाइन आली की मोटर आपोआप चालू, पाणी तळाला गेलं की बंद. त्या डब्यातल्या चिपसाठी तो स्वतः प्रोग्रॅम लिहायचा, यंत्राच्या अगदी जवळ बसणाऱ्या एका भाषेत. ती भाषा कशातच सांभाळून घेत नाही. तुम्ही चालू केलं, तुम्हीच बंद करा; विसरलात तर तुमचं नशीब. ही भाषा घडवणारी माणसं जगभर विखुरलेली होती आणि नव्या सुधारणा कोणीही सुचवू शकत असे. मामाला ते फार आवडायचं. "आपल्याले कोन इचारते, रसू? इथं इचारतात वं," म्हणायचा.

साखरखेर्ड्याच्या असलमचाचांच्या सामाईक विहिरीवर त्याचा एक डबा होता. एका वर्षी बीटीच्या कपाशीवर बोंडअळी परत आली होती आणि गावात कोणाच्या तोंडावर रया नव्हती. निदान उरलेली बोंडं भरावीत म्हणून चाचांची धडपड चालली होती. त्यातच मोटर कोरडी चालून जळाली. मोटर चालू केल्यावर त्या कामातून बाहेर पडायच्या बऱ्याच वाटा असतात: पाणी संपलं, लाइन कमी झाली, एखादी फेज गेली... प्रत्येक वाटेवर 'मोटर बंद कर' असं वेगळं लिहावं लागतं. एका वाटेवर मामा ते लिहायला विसरला होता. आम्ही गेलो तेव्हा चाचा रागावले नाहीत, ते त्याला जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "आमच्या मोटरीले अक्कल लावून देली म्हने तुमी. दस्तीयेवढी तरी लावाची होती."

त्यांच्याकडे एक रीत आहे. विहीर सामाईक, ज्यानं मोटर चालू केली त्यानं आपली दस्ती, म्हणजे जवळचा रुमाल, स्टार्टरच्या पेटीवर टांगायची आणि मग पिकाला पाण्याचे बारे द्यायला जायचं. दस्ती दिसते तोवर दुसरा कोणी बटनाला हात लावत नाही. परत येऊन आधी मोटर बंद करायची, मग दस्ती उतरवायची. टांगणाराच येऊ शकला नाही, तर त्याच्या घरचं माणूस येतं.

ती जळालेली मोटर मामानं नव्यानं तारा गुंडाळून भरून दिली. परतताना जीपमध्ये, चिखली आली तेव्हा तो म्हणाला, "चालू केलं तिथंच दस्ती टांगता आली पाह्यजे, रसू. भाषेतच." म्हणजे एक नवा शब्द. तो चालू करण्याच्या खालच्याच ओळीत लिहायचा: इथून कुठल्याही वाटेनं बाहेर पडलास तरी हे बंद करूनच जा.

हा शब्द सुचवणाऱ्या प्रस्तावाचं इंग्रजी माझं, बाकी सगळं त्याचं. सुरुवातीलाच त्यानं चाचांच्या दस्तीची सगळी रीत घातली होती. ती काढायची का, असं मी विचारलं तर म्हणाला, "मंग उरते काय त्याच्यात?" परदेशातली ती माणसंही पुढे आपल्या मेलमध्ये 'दस्ती' असंच लिहू लागली. पण त्यांचा एक नियम होता: प्रस्तावाच्या बाजूनं ऑनलाइन बैठकीत कोणीतरी बोलायला हवं. कोणी नसेल तर तो बंद. "तू बोल ना," मामा म्हणायचा. मी नकारार्थी मान हलवायचे. मग तोच त्याच्या तोडक्या इंग्रजीत बोलायचा आणि मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसून शब्द पुरवायचे. एकदा कोणीतरी म्हणालं, शिस्तीनं लिहिणाऱ्याला याची गरजच काय? मी शब्द शोधत होते, तोवर मामा बोलून गेला, "सर, चांगला माणूसही विसरतो. मी विसरलो." त्या दिवशी प्रस्ताव पुढच्या फेरीत गेला.

त्या फेरीच्या आधीच त्याचं हृदय बंद पडलं. वर्कशॉपमध्येच, चहा सांगून तो खुर्चीत बसला होता. चहा घेऊन आलेल्यानं आधी दोनदा हाक मारली म्हणे.

गेल्या आठवड्यात ती बैठक होती. मामीकडून किल्ली घेऊन मी वर्कशॉप उघडलं. सोल्डरचा वास तसाच. टेबलावर झाकण काढलेला डबा, आणि भिंतीवरच्या तपासणीच्या स्टार्टरवर त्याची निळी चौकड्यांची दस्ती. तोंड पुसून तो ती तिथंच टांगायचा. मामीनं तिला हात लावला नव्हता. मलाही लावता आला नाही. मी नुसतं ऐकायचं ठरवून बसले, कॅमेरा बंद, माईक बंद. त्याचा प्रस्ताव आला. बैठक चालवणाऱ्या बाईंनी त्याचं नाव घेतलं, दुःख झालं म्हणाल्या. मग विचारलं, याच्या बाजूनं बोलणारं कोणी आहे का? कोणी नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं. नसेल तर मग आपण हा बंद करू या, त्या म्हणाल्या, अगदी हळुवारपणे.

मी दस्तीकडे पाहिलं आणि माईक चालू केला.

"थांबा," मी म्हणाले. "दस्ती अजून टांगलेली आहे. त्यांच्या घरचं माणूस आलंय."